सरवटे बसस्टँडजवळच्या वीरजींना

वीरजी, सत् श्री अकाल आणि नमस्कार.

तुम्ही नाव सांगितलं नाहीत, म्हणून नुसतं 'वीरजी', म्हणजे भाऊ, म्हणून हे उघड पत्र. कोणाच्या तरी ओळखीतून ते तुमच्यापर्यंत पोचेलच.

बंद दुकानाच्या ओट्यावर झोपणारा तो दाढीवाला म्हातारा माझा थोरला भाऊ. डोक्याचा आजार जडल्यापासून दादा घरात टिकत नाही. समजावून आणला तरी निघून जातो. पायाची जखम चिघळून त्यात अळ्या पडल्या होत्या. दवाखान्यात नेला तर आधी आधार कार्ड मागितलं, मग वासाने तोंडं फिरवली. एकाने तर काठीने त्याचा पाय सरकवला. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुम्ही आलात, औषधांची पेटी खाली ठेवलीत, जोडे काढून फुटपाथवर मांडी घातलीत आणि विचारलंत, "बाबूजी, पैर को हाथ लगाऊँ?"

दादाला कोणी काही विचारून किती वर्षं झाली असतील! त्याला उठवतात, हुसकतात, अंगावर पाणी ओततात. परवानगी कोण मागतं? तो तुमच्याकडे बघत राहिला. तुम्ही घाई केली नाहीत. मग त्याने आपणहून पाय तुमच्या मांडीवर ठेवला. मला, सख्ख्या बहिणीला, तो पायाला हात लावू देत नव्हता हो! नंतरची साफसफाई, इंजेक्शन, पट्टी, त्यानेच पाय वाचला हे खरं. पण मला रात्री आठवतो तो तुमचा प्रश्न.

2017 पासून आमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं येत गेलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण याच शहरातून जानेवारी 2021 च्या थंडीत बेघर म्हाताऱ्यांना पालिकेच्या गाडीत कोंबून क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवलं होतं. गावकऱ्यांनी हटकलं, तेव्हा परत आणलं. ती माणसंही कोणाचे तरी दादा, कोणाची तरी आई.

तुमच्यासोबतच्या मुलाने भाई कन्हैयांची गोष्ट सांगितली. आनंदपूरच्या लढाईत ते शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत. तक्रार गेली, तर गुरू गोविंदसिंगांनी उलट त्यांच्या हाती मलमपट्टी दिली. आमचे नामदेव तुमच्या ग्रंथसाहिबात आहेत, हे लहानपणापासून ऐकत आले होते. तुमचं माझं नातं इतकं जुनं आहे, हे त्या फुटपाथवर कळलं.

दादाची जखम भरत आलीय. यापुढे पेटीतला कापूस आणि गॉज आमच्या घरून येईल. त्याला नाही म्हणू नका. आणि पट्टी बदलायला तुम्हीच या, दादा दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.

तुमची बहीण,
रामबाग, इंदूर