मावशी आता कुठे आहे?

आर्वी तालुका, जि. वर्धा
कार्तिक महिना

प्रिय गड्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. कपाशीचा दुसरा वेचा चालू आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, दिवस वावरातच जातो. पण उशिराचं खरं कारण ते नाही. तू विचारलंस, "माझी आई आता कुठे असेल? तुझे आबाजी काय म्हणाले असते?" या प्रश्नाला घाईत उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही.

तू लिहितोस, तुझ्या आईच्या, मी जिला मावशी म्हणायचो तिच्या, मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा अध्याय वाचला, तो तुला लहानपणापासून पाठ आहे, तरी रात्री डोळा लागत नाही. शेजारच्या बाया म्हणतात, नर्सबाई पुण्यवान होत्या, चांगल्या घरी जन्म घेतील. या दोन्हींच्या मधे तू अडकलास. मीही त्याच दोन्हींच्या मधे वाढलो, म्हणून जे मला कळलं तेवढं लिहितो.

परवा माळ्यावरून आजोबांची, आबाजींची, पत्र्याची पेटी उतरवली. बरंच वाळवीनं खाल्लं आहे, पण कर्म-पुनर्जन्म मानणाऱ्या थिऑसॉफी पंथाच्या एक संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्कींचं 'की टू थिऑसॉफी' शाबूत निघालं. १८८९ साली लिहिलेलं, सगळं प्रश्नोत्तरांत. आबाजींना या पुस्तकाचा अभिमान असायचा, कारण गांधीबापूंनी ते लंडनला शिकत असताना वाचलं होतं आणि हिंदू धर्म म्हणजे नुसत्या अंधश्रद्धा हा मिशनऱ्यांनी करून दिलेला समज त्यानं दूर झाला, असं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. त्याच काळात बापूंनी नवा करारही वाचला आणि डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या थेट काळजाला भिडलं, हेही त्यातच आहे. ते मात्र आबाजी सांगायचे नाहीत. ते मला मावशीकडून कळलं.

आबाजींचं म्हणणं तुला थोडं आठवत असेल. माणूस सात तत्त्वांचा बनलेला. मेल्यावर स्थूल शरीर, प्राण आणि लिंगशरीर, म्हणजे देहाची सूक्ष्म प्रतिकृती, इथेच सुटतात. मग वासनांचं शरीर कामलोकात काही काळ राहतं आणि तेही विरतं. जे वरचं, टिकाऊ आहे ते देवचनात जातं. तिथे शेकडो वर्षांची विश्रांती, नुसतं सुख, आणि मग नवा जन्म. नरक नाही, शेवटच्या दिवसाचा न्याय नाही, कायमची शिक्षा नाही. चुकलेल्याला पुन्हा संधी, त्यानंतर पुन्हा. थिऑसॉफीचं मुख्य ठाणं असलेल्या चेन्नईतल्या अड्यारच्या अधिवेशनाला आबाजी एकदा जाऊन आले होते, तिथल्या मोठ्या वडाखाली बसले होते. त्या वडाचं मूळ खोड १९८९च्या वादळात कोसळलं, पण पारंब्यांची खोडं झाली होती, त्यांच्यावर झाड उभं राहिलं. ही बातमी वाचून आबाजींनी मला हाक मारली आणि म्हणाले, "पाह्य, असंच असते. खोड जाते, झाड जात नाही."

मला तेव्हा बोलता आलं नाही. पण माझी माय खोड होती रे. मला त्या झाडाचं काय करायचं होतं?

मी अकरा वर्षांचा होतो माय गेली तेव्हा. घरात कोणी मोठ्यानं रडायचं नाही, अशी आबाजींची ताकीद होती. आपला शोक गेलेल्याला खाली ओढतो, त्याची पुढची वाट अडवतो, असं थिऑसॉफीवाल्यांनी लिहिलं आहे आणि आबाजींनी ते अक्षरशः पाळलं. त्यांना दुष्ट म्हणू नको. लेकीसारख्या सुनेसाठी ते स्वतः गोठ्यात जाऊन उभे राहत होते, मी पाहिलं आहे. पण मी रडलो नाही. तेरवी झाली, तरी रडलो नाही. मग त्यांनी मला मांडीशी बसवून याच पुस्तकातली एक जागा समजावून सांगितली. लहान लेकरं मागे ठेवून आई मेली तर तिचं काय? ब्लाव्हाट्स्कींचं उत्तर असं, की देवचनातल्या आईला इथलं दुःख दिसत नाही. दिसलं तर ते सुख कसलं? तिची लेकरं तिच्याजवळच आहेत अशी तिला पुरती खात्री असते, आणि त्या आनंदात तिला काही कमी पडत नाही.

आबाजींना वाटलं, पोराला धीर येईल. मला काय कळलं सांगू? माय तिकडे माझ्याशी बोलते आहे, आणि तो मी नाही. तिचा मुलगा तिच्याजवळ आहे आणि मी इकडे एकटा आहे. अकराव्या वर्षी हे शब्दांत मांडता आलं नाही, पण पोटात जो गोळा आला तो हाच होता.

त्या संध्याकाळी तुमच्या घरी आलो होतो. मावशी ड्यूटीवरून आली होती, पांढरं लुगडं बदललंसुद्धा नव्हतं. मी काही बोललो नाही, तिनं विचारलं नाही. तिनं नवा करार काढला आणि येशूचा मित्र लाजर याच्या मरणाची गोष्ट वाचली, योहानाच्या अकराव्या अध्यायातली. लाजराला आता मेलेल्यातून उठवायचंच आहे हे येशूला माहीत होतं, तरी कबरीकडे जाताना काय झालं? दोन शब्द आहेत: "येशू रडला." ती पुढे वाचायची थांबली आणि मला जवळ घेतलं. मायच्या मरणानंतर मी पहिल्यांदा तिथे, तुमच्या ओसरीवर रडलो. तू दाराशी उभा होतास.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी नुसतं पुस्तकातून देऊ शकत नाही. मला दिसणारा फरक असा आहे. थिऑसॉफीत माणसाचं सार पुढे जातं, पण नाव, चेहरा, "इकडे ये रे" म्हणणारा तो आवाज, हे सगळं देवचनापर्यंतच. पुढच्या जन्मात फळ येतं, माणूस येत नाही. तुमच्याकडे, ख्रिस्ती लोकांत, अख्खा माणूस येतो. मेल्यावर आत्मा ख्रिस्ताजवळ आणि शेवटच्या दिवशी शरीरही उठवलं जाईल, बदललेलं पण त्याचंच. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." त्यातला 'तू' मला मोठा वाटतो. प्रेषित पौलानं नव्या करारातल्या पत्रात करिंथकरांना लिहिताना बियाण्याचा दाखला दिला. बी मेल्याशिवाय उगवत नाही, आणि पेरतो ते दाण्याचं शरीर, उगवतं ते दुसरंच. आबाजींनाही पेरणीच लागायची. "माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळतं" हे गलतीकरांस पत्रातलं वाक्य ते कर्मासाठी वापरायचे. मी शेतकरी आहे, दरवर्षी सरकी मातीत टाकतो. आबाजींचं खरं आहे, जे पेरलं तेच येतं. पण पौल सांगतो ते वावरात कधी दिसलं नाही. ते मला मानायचंच असेल तर विश्वासानं मानावं लागेल, आणि तो विश्वास मावशीकडे होता, माझ्याकडे अजून पुरता नाही. हे तुझ्यापासून लपवत नाही.

कर्माचं मात्र मला खटकतं. दोन वर्षांपूर्वी मागच्या आळीतल्या एका पोरानं कर्जापायी औषध घेतलं. दोन बारीक लेकरं मागे राहिली. अंगणात बसलेले लोक म्हणाले, मागच्या जन्मीचं असेल. मला त्यांचा इतका राग आला की उठून घरी आलो. आंधळ्या जन्मलेल्या माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं आणि त्याचे डोळे उघडायला लागला. थिऑसॉफीवाले म्हणतात, जन्माआधीच्या पापाचा प्रश्न शिष्य विचारतात म्हणजे त्यांना पुनर्जन्म ठाऊक होता. असेल. मला त्यातलं उत्तर महत्त्वाचं वाटतं. पण तुमच्या मंडळींनीही आत्महत्या केलेल्यांना शतकानुशतकं कबरस्थानात जागा नाकारली, हेही विसरता येत नाही. कॅथलिकांच्या १९९२च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आता लिहिलं आहे की अशांच्या तारणाची आशा सोडू नये. त्या पोराच्या बायकोला मी हे सांगितलं. ती हिंदू आहे, तरी तिनं ते दोनदा विचारून ऐकलं.

कायमच्या नरकापाशी मी आबाजींच्या बाजूचा आहे. साठ-सत्तर वर्षांच्या चुकीला अंत नसलेली शिक्षा, हे मला कधी पटलं नाही. ॲनी बेझंटबाई तर पाळकाची बायको होती. तिची तान्ही लेक डांग्या खोकल्यानं तडफडताना पाहून तिचा दयाळू देवावरचा विश्वास डळमळला, घर सुटलं, आणि बऱ्याच वर्षांनी ती थिऑसॉफीपाशी पोचली. तिनं पुनर्जन्म का धरला ते मला कळतं. कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसून तो धरतो, कोणी तिथेच बसून सोडतो.

मावशीसाठी प्रार्थना केलेली चालते का, असं तू विचारलंस. कॅथलिक दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी करतात. तुमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी करायची रीत नाही, मेलेली माणसं देवाच्या हाती आहेत, तेवढं पुरे, असं मानतात. आबाजी म्हणाले असते, रडून ओढू नको, चांगला विचार पाठव, तो पोचतो. मी एवढंच सांगतो, तू रात्री तिच्याशी बोलतोस ते बंद करू नको. आणि रडायचं असेल तर रड. तिनंच मला ती परवानगी काढून दिली होती, ती तुलाही लागू आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी येतो. तोवर वेचा उरकेल. अंगणातल्या मोगऱ्याचं कलम डब्यात लावून ठेवलं आहे, ते कबरीपाशी लावू. पाण्याची कॅन मीच आणीन, तिथला नळ बंद असतो असं तू मागे म्हणाला होतास.

तुझाच,
ओसरीवरचा