रात्रीचं जेवण सोडू नकोस गं

प्रिय सोनू,

तुला गाडीत बसवून घरी आले तर नाचणीच्या लाडवांचा डबा फ्रीजवर तसाच. विसरलीस की मुद्दाम ठेवलास, विचारत नाही. पण काल जिना चढताना भिंतीला धरून थांबलीस ते पाहिलं मी. दोन महिने रात्रीचं जेवण बंद आहे हे मला आर्याकडून कळावं?

बारशाला सगळ्यांसमोर 'पोट सुटलंय तुझं' म्हणाले, चुकलंच माझं. तेव्हापासूनच ना हे? 47व्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागते, इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी पोटावर साठायला लागते, त्यात तुझा काय दोष. माझंही असंच झालेलं, 48व्या वर्षी ब्लाउज उसवून घ्यावे लागले, आत्या बोलल्या आणि मी संध्याकाळी चहा-खारीवर भागवायला लागले. वजन उतरलं, पण 61व्या वर्षी मोरीत पाय घसरला, नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. डेक्सा, म्हणजे हाडांची तपासणी, केली तर हाडं ठिसूळ. सहा आठवडे प्लास्टर होतं, तू रजा काढून आलेलीस, रोज माझी वेणी घालायचीस, मी तुझी घालायचे तश्शी घट्ट.

उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूपण झिजतात गं. तुझं वजन 62, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे, वाटीभर वरणाने काय होतंय, दोन अंडी खा, दही, मटकीची उसळ घे. आणि नुसतं चालून भागत नाही, आर्याचे डंबेल्स पलंगाखाली धूळ खातायत ते उचल. दहा-दहा दिवस अंगावरून जातंय म्हणालीस, ते वयाचं म्हणून सोडू नकोस, गायनॅककडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. जेवण मात्र... झालं, परत तेच. सॉरी बाळा. अख्खी ब्रँच सांभाळतेस, मी गल्लीभर सांगत असते, आणि तुला ताट वाढून घ्यायला सांगत बसलेय. पण तो भिंतीवरचा हात डोळ्यासमोरून जात नाही.

डबा रविवारी संजूबरोबर पाठवतेय, गूळ कमीच घातलाय. फोन नको, मीटिंगमध्ये असशील. आज रात्री काय जेवलीस तेवढा मेसेज टाक.

तुझी,
आई