पट्टी शर्यतीच्या दिवशी. घोट्याची तयारी दोन महिने आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हाफ मॅरेथॉनच्या तयारीवरचा लेख वाचला. आहार, बूट, पाणी, झोप, सगळे नीट लिहिले आहे. घोट्याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले: पूर्वी पाय मुरगळला असेल तर टेप लावून धावावे. शेजारी निळ्या पट्ट्या चिकटवलेल्या पायाचा फोटो. माझी तक्रार तेवढ्या वाक्यापुरतीच आहे. ते चूक नाही, अर्धे आहे. आणि राहिलेला अर्धा भाग पट्टीपेक्षा जास्त कामाचा आहे.

मी साताऱ्यातला निवृत्त क्रीडाशिक्षक. उभी हयात खो-खोच्या मैदानावर गेली. साखळीने पळताना आणि खांबाला वळसा घालताना मुलांचे घोटे कसे दगा देतात, हे पाहतच केस पांढरे झाले. आता सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात टाळ्या वाजवायला उभा असतो. चढताना कुणाचा पाय फारसा मुरगळत नाही, धापच इतकी लागलेली असते की वेग कुठून येणार! घोटे जातात ते उतरताना. पाय दमलेले, रस्ता ओला, जाणारे-येणारे एकाच रस्त्यावर, आणि कडेला सरकावे तर साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटे खाली. घोट्याच्या खोबणीत बसणारे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. त्यामुळे चवडा खाली झुकला की सांध्याची पकड सैल पडते. नेमक्या त्याच अवस्थेत पाऊल त्या कडेवर पडले की ते आत वळते आणि बाहेरच्या बाजूच्या तीन अस्थिबंधांपैकी (हाडाला हाड बांधणाऱ्या लिगामेंटपैकी) सगळ्यात पुढचा, म्हणजे सगळ्यात दुबळा, आधी ताणला जातो किंवा फाटतो.

पुढचे आपल्याकडे ठरलेले असते. रक्तचंदन आणि आंबेहळदीचा लेप, वरून क्रेप बँडेज, कुणीतरी जाणकार ‘चोळून देतो’ म्हणतो (पहिले काही दिवस त्याला हात लावू देऊ नये), आणि सूज उतरली की गडी पुन्हा मैदानावर. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, ती यामुळेच. अस्थिबंध म्हणजे नुसता दोर नव्हे. पाऊल कुठे, किती कलले आहे याची खबर देणाऱ्या नसांची टोके त्यात असतात. सूज गेली, दुखणे थांबले, तरी ही खबर उशिरा पोचत राहते. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू पाऊल सावरायला धावतात, पण तोवर पाऊल वळून गेलेले असते. लंडनच्या फ्रीमन या शल्यविशारदांनी हा विचार १९६५ साली मांडला आणि डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. त्यांच्या कारणमीमांसेवर पुढे बरीच चर्चा झाली, व्यायाम मात्र टिकले.

आता पट्टीविषयी. फोटोतली रंगीत, ताणणारी पट्टी जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात आणली. ती दिसते झकास, पण जी पट्टी स्वतःच ताणली जाते ती वळणारा घोटा काय रोखणार? आधारासाठी लागते ती पांढरी, न ताणणारी, झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी, आणि तीही लावण्याची रीत आहे. केस काढलेली, कोरडी त्वचा. पाऊल नडगीशी काटकोनात. पोटरीच्या खाली एक पक्का वेढा. मग आतल्या बाजूने निघून टाचेखालून बाहेर येणारी आणि बाहेरून वर ओढलेली पट्टी, एकावर एक अशा दोन-तीन. शेवटी टाच जखडणारे वेढे. दिशा उलटी झाली तर पट्टी पावलाला आतच ओढते. बांधून झाल्यावर बोटाचे नख दाबून सोडावे. गुलाबी रंग लगेच परतला नाही, बोटे बधिर झाली, तर पट्टी काढावी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी हा प्रयोग घरी करूच नये.

इतके करूनही धावायला लागल्यावर वीस-तीस मिनिटांत पट्टीचा कस बराच उतरतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. आपल्यासारख्या हौशी धावपटूला एकवीस किलोमीटरला अडीच तास लागतात. म्हणजे घाट उतरायला लागेपर्यंत पट्टी नावालाच उरते. तरीही पूर्वी पाय मुरगळलेल्यांना पट्टीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. नाडीचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्यावर चढवून नाडीने आवळायचा पट्टा, तेवढेच काम करतो, धावताधावता थांबून आवळता येतो आणि पुन्हा वापरता येतो. पण दोन्ही गोष्टी बाहेरून लावलेल्या आधाराच्या.

आतला आधार घडतो एका पायावर उभे राहून. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांनी त्यासोबत आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, घरच्या घरी तोलाचे व्यायाम केले, कुणी प्रशिक्षक डोक्यावर उभा नसताना. वर्षभरात पहिल्या गटात ३३ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, दुसऱ्यात २२ टक्के. यापेक्षा स्वस्त औषध मला तरी ठाऊक नाही.

करायचे काय? अनवाणी, भिंतीपासून हातभर अंतरावर, एका पायावर अर्धा मिनिट. गुडघा किंचित वाकलेला, नजर समोर. जमले की डोळे मिटून. भल्याभल्या धावपटूंची इथे भंबेरी उडते, आणि ती पाहायला मला आवडते. मग घोंगडीची घडी किंवा उशी पायाखाली. त्यावर स्थिर झालात की कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि झेला. नंतर उभ्या पायाचा गुडघा वाकवत दुसरा पाय पुढे, मागे-आत, मागे-बाहेर जमेल तितका लांब पोचवा. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली. रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल बाहेर वळवणे. शेवटच्या दोन आठवड्यांत एका पायाने उडी मारून जागच्या जागी थिजणे. पुढे, मग आडवे. दुखणारा पाय आणि चांगला पाय, दोन्हींचे करा.

पण आधी एक खात्री. मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर येणाऱ्या हाडावर दाबल्यास कळ येत असेल, तर व्यायाम नको, एक्स-रे काढा. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ साली बांधून दिलेल्या नियमांचा हा गाभा आहे. आणि आठ आठवडे मनापासून करूनही सपाट रस्त्यावर पाय कलंडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

स्पर्धांच्या आयोजकांना एक विनंती. नावनोंदणी महिनोन्महिने आधी होते. टी-शर्टच्या मापाबद्दल मेसेजवर मेसेज येतात. शर्यतीच्या आठ आठवडे आधी तोलाच्या व्यायामांचे एक सचित्र पान त्याच मेसेजमधून धाडायला कितीसा खर्च येतो? आदल्या दिवशी नंबर वाटपाच्या मांडवात रंगीत पट्ट्या विकायला टेबल मिळते, तर फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनाही एक मिळू द्या. पांढरी पट्टी कुणाला लावायची आणि कुणाला नाही, ते तेच सांगतील.

आपणही रविवारच्या पुरवणीत आठ आठवडे रोज नको, आठवड्याला एक व्यायाम छापावा. मजकूर मी पाठवतो. चित्रासाठी एका पायावर उभी राहायला माझी नात तयार आहे. अट इतकीच, की फोटो तिला आधी दाखवायचा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा