नागअळी : फवारा कोवळ्या पालवीवरच

संपादक महोदय,

संत्र्याची पाने चुरगळलेली दिसली की आपल्याकडे सरसकट फवारा सुरू होतो. नागअळीसाठी तो बहुधा वायाच. हिचा पतंग जेमतेम 2 मिमी लांब, चंदेरी, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. अंडी कोवळ्या पानावरच. अळी पानाच्या सालीखाली चकाकती नागमोडी वाट पोखरते, मग कड दुमडून कोष करते. आत शिरलेल्या अळीला वरचे औषध पोचत नाही. म्हणून 5 टक्के निंबोळी अर्क पालवी फुटतानाच मारावा, निबर पानांवर नव्हे. मोसंबी, लिंबू, जंबेरीवर (कलमाच्या खुंटासाठी वापरतात ते लिंबू) ती असतेच, बेलावरही. मोठे झाड सावरते, पन्हेरीतले (रोपवाटिकेतले) कलम खुंटते. लिंबावर तर त्याच जखमेतून खैऱ्या (कँकर) रोग शिरतो. आणि नत्राचा मारा करून अवेळी पालवी कशाला काढायची?

— एक वाचक, नागपूर