पायलोनायडलचं ऑपरेशन झालं, पण पाच वर्षांनी विचारतं कोण?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात सिडकोतून माझ्या भाच्याचा फोन आला, मामा माकडहाडापाशी गाठ आलीये, बसताच येत नाहीये, पू पण येतोय आणि प्लीज आईला सांगू नको. वय एकोणीस. मी तशीच गाडी काढली आणि गेलो कारण पुढचं सगळं मला पाठ आहे. तुमच्या पुरवणीत मूळव्याध, भगंदर यावर नेहमी छापून येतं पण या दुखण्यावर, म्हणजे पायलोनायडल सायनसवर (माकडहाडापाशी केस कातडीत घुसून गाठ आणि पू होतो तो), मी तरी अजून काही वाचलेलं नाही, आणि होतं ते जास्त करून पंधरा ते तिशीतल्या पोरांनाच, मुलींना पण होतं पण कमी. जागा अशी की सांगायची लाज वाटते. घरचे केसतूड म्हणून हळद लावतात, मेडिकलवाला गोळ्या देतो, आणि आत केसांचं पुंजकं तसंच बसून राहतं.

माझं पहिलं ऑपरेशन 2009 ला झालं. मी तेव्हा पिकअप चालवायचो, पिंपळगावहून भाजी भरायची आणि रात्रीतून कसारा घाट उतरून वाशी मार्केट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हा आजार इतका वाढला होता की 80 हजारांच्या आसपास जवान त्यासाठी दवाखान्यात भरती झाले, जीपमध्ये तासन्‌तास आदळत बसायचे म्हणून नावच पडलं जीप डिसीज. हे मला खूप नंतर कळलं, पण वाचताना पाठीत कळ आली खरं सांगतो.

तर 2009 ला सगळं कापून काढलं आणि बरोबर मधल्या रेषेत, म्हणजे दोन कुल्ल्यांमधल्या घडीतच टाके घातले. दहाव्या दिवशी टाके निघाले, महिन्याभराने दाखवलं, डॉक्टर म्हणाले एकदम मस्त, आता यायची गरज नाही. 2013 ला परत आलं. तेव्हा मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तिथे नुसता पू काढून दिला, आणि मग रोज जखमेत गॉजची पट्टी भरायची ती आई भरायची, सत्तावीस वर्षांचा घोडा आईपुढे पालथा पडलेला, ती काही बोलायची नाही आणि मीही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी 2015 ला तिसऱ्या ठिकाणी फ्लॅपचं, म्हणजे बाजूची कातडी सरकवून जखमेवर बसवायचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून देवाच्या कृपेने काही नाही. एका बाजूची कातडी अजून बधिर आहे, थंडीत ओढल्यासारखं होतं, तेवढं चालतं.

आता मला जे बोलायचंय ते हे की पहिल्या डॉक्टरांच्या हिशोबात मी आजही बरा झालेला पेशंट आहे. त्यांना कळलंच नाही कारण मी परत त्यांच्याकडे गेलोच नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, ते माणूस म्हणून चांगलेच होते. पण असे माझ्यासारखे किती असतील जे इथे बरे म्हणून लिहिले गेलेत आणि तिथे दुसऱ्या टेबलावर पालथे पडलेत?

2018 साली एक मोठा अभ्यास छापून आला, जगभरातले जुने नवे मिळून सुमारे 90 हजार पेशंट त्यात मोजले होते. त्यातून दिसलं की परत होण्याचा आकडा तुम्ही किती वर्षांनी मोजता त्यावरच अवलंबून असतो. वर्षाच्या आत बघितलं तर जवळपास सगळीच ऑपरेशनं छान दिसतात, पुढे दहा वीस वर्षं बघितलं की मधल्या रेषेतले टाके सगळ्यात मागे पडतात. कारण पण सरळ आहे. ती घडी खोल, घामट, हवा लागत नाही, आणि तिथेच जखमेचा वण, म्हणजे केस घुसायला आयती वाट. ग्रीसमधले कारिडाकिस म्हणून मिलिटरीतले सर्जन होते, त्यांनी टाके मधून काढून बाजूला नेले आणि घडी सपाट केली. 1992 ला त्यांनी 6 हजारांहून जास्त पेशंटचा हिशोब मांडला, परत होण्याचं प्रमाण साधारण 1 टक्का, आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. मला त्यांचं हेच सगळ्यात जास्त आवडलं. लिंबर्ग फ्लॅप, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा कातडीचा तुकडा सरकवून बसवतात तो, तो पण चांगला मानतात, फक्त त्याचा खालचा कोपरा मधल्या रेषेत आला तर तिथूनच उघडायची भीती असते म्हणून तोही थोडा बाजूला सरकवतात. जखम उघडी ठेवून भरू दिली तर परत व्हायचं प्रमाण कमी पण भरायला कित्येक आठवडे, कधी महिने. आणि टाके घालायचेच असतील तर ते बाजूला घाला हे 2010 च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात स्पष्ट आहे, म्हणजे ही काही काल-परवाची गोष्ट नाही.

भाच्याला ज्यांनी तपासलं ते म्हणाले छोटंसं ऑपरेशन आहे, परत होणार नाही. मी विचारलं टाके मधे की बाजूला, तर थोडे चमकलेच. पण मग नीट बसून कागदावर चित्र काढून समजावलं, बाजूला घेणार म्हणाले. म्हणजे विचारलं की सांगतात! पण विचारायचं काय हे एकोणीस वर्षांच्या पोराला कसं कळणार.

डिस्चार्ज कार्डवर नुसतं ऑपरेशन केलं एवढंच लिहू नका, कुठल्या पद्धतीने केलं, टाके कुठे, हे लिहा. माझ्या पहिल्या कार्डवर एक ओळ होती, तिसऱ्या सर्जनला आधी काय केलंय ते वण बघून ओळखावं लागलं. आणि केसांचं पण कुणीतरी सांगा. लेझरने केस काढले तर परत व्हायचं प्रमाण कमी होतं असं दिसतंय, पण वस्तऱ्याने तासत राहिलं तर फायदा नाही, उलट एका जर्मन अभ्यासात तासणाऱ्यांमध्येच जास्त वेळा परत झालेलं दिसलं. आत सापडणारे केस पुष्कळदा डोक्याचे असतात, कापलेले, टोकदार. मी सलूनमधून आलो की आधी अंघोळ, मग बाकी सगळं.

आणि आपल्या नाशिकमध्ये तर आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. राज्यभरातली सर्जरीत एमएस करणारी पोरं या विद्यापीठाला थिसिस देतात. कोर्सच तीन वर्षांचा, त्यात पेशंट जमवायचे आणि लिहायचं, मग फॉलोअपला वेळ उरतो कितीसा? माझं दुखणं चौथ्या वर्षी उलटलं, असल्या थिसिसमध्ये ते आलंच नसतं. माझी कळकळीची विनंती आहे की आधीच्या बॅचने ज्यांचं ऑपरेशन मोजलं त्यांनाच पुढच्या बॅचने पाच वर्षांनी, दहा वर्षांनी फोन करावा, परत झालं का, कामावर कधी गेलात, बसता येतं का, बधिरपणा आहे का, एवढंच विचारावं. एका पेशंटला पाच मिनिटं लागतील.

भाच्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आईला आता सांगितलंय. माझी 2013 आणि 2015 ची फाईल घरात जपून ठेवलेली आहे, विद्यापीठातल्या कुणाला उपयोग होणार असेल तर मी स्वतः म्हसरूळला आणून देतो.

आपला एक वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक