नावीन्यतेचा निधी तालुक्यांपर्यंत जावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात नवी मुंबईत २५० एकरांवर इनोव्हेशन सिटी उभारण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने स्टार्टअप, उद्योजकता व नावीन्यता धोरण मंजूर केले आणि त्यासोबत नवउद्योगांसाठी ५०० कोटी रुपयांचा मुख्यमंत्री महाफंड जाहीर केला. मी ऐरोलीत राहतो आणि माझी सारी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत झाली आहे. या शहराची आणखी भरभराट व्हावी असे मलाही वाटते. तरीही नावीन्यतेसाठीच्या शासकीय निधीचा मोठा वाटा आमच्या शहरावर खर्च होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

नवी मुंबईला आता त्या पैशाची तेवढी गरज उरलेली नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने सुरुवातीला ज्या वसाहती वसवल्या त्यांत ठाण्याची वागळे इस्टेट होती. मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे महामंडळ, सिडको, आले. तेव्हापासून रस्ते, पाणी, वीज, खाडीपूल आणि रेल्वे यांवर सार्वजनिक पैसा सातत्याने खर्च होत राहिला, आणि त्याचे फळ म्हणून आज महापे, रबाळे, ऐरोली येथे आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. खासगी भांडवल यापुढे आपल्या पायांनी इकडे येणार आहे. ते जिथे आपणहून जात नाही तिथे जाण्याचे काम शासनाचे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे ऐकण्यासारखा आहे. नवे ज्ञान दाटीत वाढते. अभियंते, गुंतवणूकदार, वकील, पुरवठादार एकमेकांच्या जवळ असले की कल्पनेला लवकर आकार येतो, असे अर्थशास्त्र सांगते. ते खरे आहे. राज्यातील स्टार्टअप मुख्यतः मुंबई आणि पुण्यात एकवटले ते याच कारणाने. परंतु ज्या एकवटण्यामागे बाजाराचे एवढे बळ आहे, त्याला शासनाच्या तिजोरीचा आणखी आधार कशासाठी द्यायचा, याचे उत्तर या युक्तिवादातून मिळत नाही.

प्रादेशिक समतोलाचा प्रश्न आपल्या राज्यात नवा नाही. विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचे ठरवणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारापासून तो आपल्या राजकारणात आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासाची तूट, मोजला, तर पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने तो सुमारे १४,००६ कोटी रुपयांवर गेल्याचे दाखवले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या सगळ्या हिशेबात रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने होते. प्रयोगशाळा, चाचणीची उपकरणे, नमुना बनवण्याची सोय यांचा अनुशेष मात्र स्वतंत्रपणे कोणी मोजला नाही. उद्योग मागास भागात नेण्यासाठी १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे आणि तिच्यात तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी (अ म्हणजे विकसित, पुढे क्रमाने अधिकाधिक मागास) प्रतवारीही आहे. ही प्रतवारी मला फार मोलाची वाटते, कारण ती जिल्ह्याच्या सरासरीआड लपत नाही. पण त्या योजनेतील लाभ मुख्यतः यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीशी आणि भरलेल्या राज्य कराशी बांधलेले असल्यामुळे त्या भागात कारखान्याची इमारत येते; तिथल्या माणसाच्या डोक्यातील कल्पनेला त्यातून काही मिळत नाही.

अशी कल्पना मागास भागात असते का, अशी शंका शहरात राहणाऱ्या अनेकांच्या मनात असते. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची काळजी घरी घेण्याची पद्धत बसवली. तुलनेसाठी निवडलेल्या इतर गावांच्या मानाने प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. राज्यातील सर्वांत गरीब गणल्या जाणाऱ्या जिल्ह्यांपैकी एकाने देशाला ही पद्धत दिली, आणि ती तिथेच तयार झाली याचे कारण बाळे दगावण्याचे दुःख तिथे रोजचे होते. फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीतील जुळ्या पिलांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथे २००२ मध्ये, बहुतेक शहरांनी नावही ऐकलेले नसताना, फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तूंचे नमुने बनवण्याची कार्यशाळा, चालू झाली.

दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण मात्र मनाला लागून राहते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यात, अगदी थोड्या जमिनीवर, त्यांनी वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून वर्षानुवर्षे पेरल्या आणि एचएमटी हा तांदूळ देशाला दिला. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; परंतु त्यांच्या वाणावर बाजार उभा राहिला असताना २०१८ मध्ये ते गरिबीतच गेले. त्यांच्या तालुक्यात बियाण्याची नोंदणी कशी करावी, हक्क कसा राखावा, करार कसा लिहावा हे सांगणारे एखादे कार्यालय असते तर त्यांचे शेवटचे दिवस वेगळे गेले असते, असे मला मनापासून वाटते. नावीन्यतेचे धोरण ज्यांच्यासाठी असायला हवे, त्यांत अशी माणसे सर्वांत पुढे आहेत.

नव्या धोरणात आयटीआय व तंत्रनिकेतनांमध्ये सूक्ष्म इनक्युबेटर (नव्या उद्योजकाला जागा, साधने आणि मार्गदर्शन देणारी छोटी केंद्रे) आणि महसुली विभागांत प्रादेशिक केंद्रे योजली आहेत, हे मला ठाऊक आहे आणि त्याचे मी स्वागत करतो. माझी काळजी त्यांच्या आशयाची आहे. फलक, चार संगणक आणि उद्घाटनाची फीत एवढ्यावर इनक्युबेटर चालत नाही. लेथ, मिलिंग मशीन, वेल्डिंगची सोय, मोजमापाची अचूक उपकरणे, आणि ती चालवणारा कायमस्वरूपी नेमलेला, वेळेवर पगार मिळणारा तंत्रज्ञ लागतो. इचलकरंजीतल्या किंवा मालेगावातल्या यंत्रमागधारकाने मागात काही सुधारणा केली, तर तिची चाचणी आणि प्रमाणपत्र त्याला जवळपास मिळायला हवे. ती सोय नसली की सुधारणा त्याच्या शेडमध्येच राहते.

शासन हा स्वतः मोठा ग्राहक आहे, याचा उपयोगही आपण पुरेसा करून घेत नाही. राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहातून निवडलेल्या २४ नवउद्योगांना प्रायोगिक कामासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत २०१८ पासून सुरू झाली आणि ती उत्तम आहे. त्यात एवढाच बदल करावा की सोडवायचे प्रश्न मंत्रालयातील विभागांबरोबरच जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींनीही मांडावेत आणि प्रयोग त्याच गावात व्हावा. आमच्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका घ्या. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून जाते, तानसाही याच तालुक्यात आहे, आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. डोंगरावरच्या विखुरलेल्या वस्तीला कमी खर्चात पाणी कसे द्यावे, हा प्रश्न शहापूरच्या पंचायत समितीने मांडावा, तोडगा सुचवणाऱ्याने तिथे राहून तो सिद्ध करावा, आणि शासनाने तो विकत घ्यावा. जिल्ह्याच्या सरासरीत ठाणे शहर आणि नवी मुंबई मिळवली की शहापूर दिसेनासे होते; म्हणून तालुका हेच एकक धरले पाहिजे.

इनोव्हेशन सिटी होऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तिला काम वेगळे द्यावे. रबाळे, पावणे, तुर्भे येथे साचे बनवणारे, इलेक्ट्रॉनिक जोडणी करणारे, प्लॅस्टिकचे सुटे भाग काढणारे कसबी कारागीर आणि छोटे टूलरूम आजही आहेत, जरी वाढत्या जागेच्या दरापुढे त्यांतले अनेक टिकाव धरू शकत नसले तरी. त्यांना या २५० एकरांत परवडणाऱ्या भाड्याने गाळे द्यावेत. नंदुरबार, वाशीम, हिंगोली, गडचिरोली येथून नमुना घेऊन येणाऱ्या माणसाची राहण्याची व्यवस्था तिथे असावी आणि त्याचा साचा सवलतीच्या दरात करून मिळावा. वस्तू तयार झाल्यावर ती त्याच्याच तालुक्यात बनावी, अशी अट मदतीला जोडावी.

आणि महाफंडाचे वाटप होताना क, ड आणि ड+ तालुक्यांसाठीचा हिस्सा आधी ठरवून बाजूला काढावा, न खर्चलेली रक्कम मार्च संपताना मुंबई-पुण्याकडे वळवू नये, आणि कोणत्या तालुक्यातील किती जणांना किती रक्कम मिळाली याचा तक्ता दरवर्षी राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालात छापावा, अशी माझी शासनाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता
ऐरोली, नवी मुंबई