आईच्या न्हाणीघराचा आराखडा करून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या न्हाणीघराचे काम पूर्ण होऊन तीन महिने झाले. समक्ष आभार मानायला आले होते तेव्हा आपण ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे ठेवत आहे. कारण कोथरूडमधल्या आपल्या या १९८४ सालच्या इमारतीत आणि आसपासच्या तिच्याच वयाच्या इमारतींत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे माणसांची वये वाढली आणि न्हाणीघर मात्र ताबा मिळाला तेव्हाचेच राहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराचा उंबरा ओलांडताना आईचा पाय घसरला आणि तिच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. आम्ही इतके घाबरलो होतो की दोन दिवसांत ठेकेदार ठरवला, दुकानात जाऊन दोन फुटी गुळगुळीत फरशी पसंत केली आणि कमोडसाठी आगाऊ रक्कम द्यायला निघालो. आपण जिन्यात भेटलात आणि एवढेच विचारलेत, की कमोडच्या पाइपाचे भिंतीपासूनचे अंतर मोजले आहे का. मोजले नव्हते. त्याच संध्याकाळी आपण टेप घेऊन आलात, आणि पुढचे तीन आठवडे, एकही फरशी फोडण्यापूर्वी, आमच्या जेवणाच्या टेबलावर चौकटीच्या वहीत आराखडा तयार होत गेला.

त्या तीन आठवड्यांतली एक सकाळ मी विसरणार नाही. कमोडची जागा आपण खडूने आखली होती. तिथे एक खुर्ची ठेवून, तिच्या पायांखाली फळ्या सरकवून बैठकीची उंची ४६ सेंटीमीटर केलीत आणि आईला बसवून म्हणालात, “वहिनी, रोज उठता तशाच उठा, मुद्दाम काही करू नका.” आई उठली आणि उठताना तिचा उजवा हात आपसूक भिंतीवर गेला. तो जिथे टेकला तिथे आपण पेन्सिलीने खूण केलीत. तीन वेळा उठवलेत, आणि तिन्ही खुणा वीतभर अंतरात पडल्या. ठेकेदाराने आधाराची दांडी त्या जागेच्या बरीच मागे दाखवली होती. नव्या आराखड्यात ती खुणांच्या जागी आली. ती भिंत चार इंची विटांची आणि गिलावा जुना, म्हणून तेवढ्या भागात आधी काँक्रीट भरून घ्यायचे आणि मगच वर फरशी लावायची, हेही आपण वहीत लिहून ठेवलेत. आईचा सगळा भार आज त्या दांडीवर असतो आणि ती तसूभरही हललेली नाही.

उंबरा काढायचा ठरला तेव्हा पाणी खोलीत येईल अशी आम्हाला भीती होती. पाणी उंबरा अडवत नाही, ढाळ अडवतो, हे आपण समजावून सांगितलेत: दर ८० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर, म्हणजे आमच्या आठ फुटांच्या लांबीत दारापासून जाळीपर्यंत साधारण ३ सेंटीमीटर उतार. असा ढाळ मोठ्या फरशीत नीट साधत नाही, त्यासाठी ती तिरकी कापावी लागते. म्हणून एक फुटी, खरखरीत फरशी घेतली. दार बाहेर उघडणारे केले, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्या माणसालाच अडते आणि मदतीला जाणाऱ्याला बाहेर ताटकळावे लागते. हे इतके सरळ असून आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

गंजलेले लोखंडी पाइप बदलणे, गीझरसाठी वेगळी वायर आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाही वीज तोडणारा ब्रेकर बसवणे, हे सगळे आपल्या यादीप्रमाणे झाले. पण खरा प्रश्न उभा राहिला तो पाणी भरून ठेवण्याच्या वेळी. फरशी लावण्यापूर्वी जाळी बंद करून ४८ तास पाणी साठवायचे, हे आपण वेळापत्रकातच घातले होते. दुसऱ्या दिवशी खालच्या घराच्या छतावर तळहाताएवढा ओलावा दिसला. ठेकेदार म्हणाला, ही जुनीच ओल आहे. आपण वाद घातला नाहीत. स्टुलावर चढून त्या डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढलीत. संध्याकाळी ओल रेघेच्या दोन बोटे बाहेर आली होती. जाळीच्या भांड्याभोवतीचा कोबा उकरला तेव्हा सांध्यातली फट सापडली. ती बुजवून, जलरोधक थर पुन्हा देऊन, पुन्हा ४८ तास पाणी भरले, आणि खालचे छत कोरडे राहिले. फरशी लागल्यानंतर हे लक्षात आले असते तर पैसे गेले असतेच, शिवाय खालच्या कुटुंबाशी इतक्या वर्षांचे आमचे संबंध बिघडले असते, याचे मला अधिक वाईट वाटले असते.

भिंतीतल्या पाइपांचे, फरशी लागण्यापूर्वी टेप धरून काढलेले फोटो आणि आपल्या वहीतल्या आराखड्याच्या प्रती मी सोसायटीच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. आपली परवानगी त्यासाठी घेतली होतीच. ज्यांना काम काढायचे आहे त्यांनी त्या जरूर पाहाव्यात.

आई आता कोणालाही हाक न मारता अंघोळ करून येते. मनगट बरे झाल्यापासून तिने पुन्हा पुरणपोळ्या करायला घेतल्या आहेत. येत्या रविवारी आपण आणि काकूंनी जेवायला यावे, असा तिचा आग्रहाचा निरोप आहे.

आपली कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण